मुलांचा गट, मुलांची माफी
दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. पिणाऱ्यांच्या मुलांना हक्काचा गट मिळायला मात्र १९५७ उजाडलं. कॅलिफोर्नियातल्या १७ वर्षांच्या एका मुलाने ‘अलाटीन’ सुरू केलं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी म्हणजे आपण दुखावलेल्यांची यादी, नववी म्हणजे शक्य तिथे भरपाई. दोन्ही कामं पिणाऱ्याची. मुलांनी माफ केलंच पाहिजे, अशी अट त्यांत नाही, आणि ते योग्यच आहे. जिन्यावरच्या पावलांवरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखत वाढलेल्या मुलाला माफीपर्यंत पोहोचायला चाळिशीही उजाडू शकते.

१९८६ साली सुरू झालेलं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णांच्या कुटुंबीयांसोबतही काम करतं. घरात हा त्रास असेल, तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे.