आठ कामं, एकच पडदा

पावसाळ्यात कसालला लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. मी घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर बिल्ड उरकणं ही माझी रोजची निकड. बिल्ड म्हणजे प्रोग्रामच्या शेकडो फायली कम्पाइल करून, जोडून, चालता प्रोग्राम तयार करणं. त्यातली कुठली फाइल बदलली आणि काय पुन्हा करायचं, हे 'मेक' ठरवतो. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. पुण्याच्या सी-डॅकने 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला तेव्हा समांतर गणन, म्हणजे अनेक कामं एकदम करणं, ही देशाच्या अभिमानाची गोष्ट होती. आज साध्या लॅपटॉपमध्येही आठ कोअर असतात. 'मेक डॅश जे 8' म्हटलं की आठ फायली एकदम कम्पाइल होऊ लागतात.

वेळ वाचतो, पण आठही कामं एकाच पडद्यावर लिहितात. कसाल तिठ्यावर मालवण, कुडाळ आणि कणकवलीच्या गाड्या एकदम लागल्या आणि तिन्ही कंडक्टर ओरडू लागले, की कानावर काय येईल? तसंच इथे होतं. कम्पायलर चूक सांगतो ती तीन तुकड्यांत: फाइलचं नाव नि ओळीचा क्रमांक, मग ती ओळ, मग चुकीच्या जागेखाली छोटा बाण. मध्येच दुसऱ्या फाइलची वॉर्निंग घुसली, तर बाण भलत्याच ओळीखाली दिसतो. शिवाय एक काम फसलं तरी चालू असलेली बाकीची पूर्ण होईपर्यंत मेक थांबतो आणि त्यांचा मजकूर खाली साचत जातो. शिकणारी मुलं मला शेवटच्या चार ओळींचा फोटो पाठवतात, 'दादा, एरर 2 येतोय.' खरी चूक कधीच वर निघून गेलेली असते.

यावर नेमका उपाय आहे. ऑक्टोबर 2013 मध्ये आलेल्या ग्नू मेक 4.0 मध्ये 'आउटपुट-सिंक' हा पर्याय आला. डॅश, कॅपिटल ओ. प्रत्येक कामाचा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये जमतो आणि काम संपलं की एकगठ्ठा पडद्यावर येतो. गुगलच्या क्रोमसाठी इव्हान मार्टिन यांनी लिहिलेला 'निंजा' मुळातच असा वागतो. मॅकवाल्यांनी मात्र आधी आवृत्ती बघावी, ॲपल देतं तो मेक 3.81 आहे.

किंमतही आहे. एखादी लांबलचक चाचणी अडकली तर ती संपेपर्यंत तिचा मजकूर दिसतच नाही. पडद्याऐवजी फाइलमध्ये लिहितोय हे कळल्यावर कम्पायलर रंग गाळतो. ते मुद्दाम चालू करावे लागतात. तरीही हा सौदा मला पटतो.

आणि तरीही गोंधळ उडालाच, तर 'जे' काढून मेक पुन्हा चालवा. झालेल्या फायली तो परत करत नाही. थेट फसलेल्या फाइलवर जातो आणि चूक पडद्याच्या तळाशी येते.

प्रॅक्टिकलला 'डॅश जे' शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: त्याच तासाला हा कॅपिटल ओसुद्धा शिकवा.