परदेशातील समाजशास्त्र आणि जालन्याचा विद्यार्थी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माणसे एकत्र कशी राहतात, श्रम आणि प्रतिष्ठा यांची वाटणी कशी होते, आणि ती वाटणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते कशी, याचा पुराव्यांच्या आधारे केलेला पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून वेगळ्या झालेल्या, आठ तालुक्यांच्या जालना जिल्ह्यात हा विषय पदवीला घेणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत; परंतु त्याच विषयाच्या पुढील शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठाचा विचार करणारे मोजकेच. या तफावतीला पैसा कारण आहेच, तथापि पैशाच्या आधी आडवे येतात ते विषयाविषयीचे आणि प्रवेशप्रक्रियेविषयीचे काही पक्के बसलेले गैरसमज.

त्यांतला पहिला गैरसमज असा की, समाजशास्त्र म्हणजे समाजसेवेचे शिक्षण, किंवा फार तर स्पर्धा परीक्षेत गुण मिळवून देणारा सोपा विषय. समाजकार्य ही स्वतंत्र व्यावसायिक विद्याशाखा असून तिची पदवी, तिचे क्षेत्रकार्य आणि तिच्या नोकऱ्या वेगळ्या असतात. दोहोंतील फरक जिल्ह्यातल्याच उदाहरणावरून स्पष्ट होतो. दिवाळीच्या सुमारास जालना-बीड पट्ट्यातील गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या गावी परतेपर्यंत मुलांची शाळा बुडू नये म्हणून वसतिगृह चालवणे हे समाजकार्य होय. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, वर्षानुवर्षे का फिटत नाही, मजुरी ठरवताना नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ का धरला जातो आणि त्या हिशेबात बाईच्या श्रमाची वेगळी मोजणी कोठे हरवते, हे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे मुलाखती, हिशेबवह्या व सर्वेक्षण यांतून शोधणे हे समाजशास्त्र होय. स्पर्धा परीक्षेचे म्हणाल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या वैकल्पिक विषयात मार्क्स, दुर्खीम, वेबर यांच्याबरोबर भारतीय समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांचाही समावेश आहे. मात्र मार्गदर्शकातील मुद्दे पाठ करून लिहिलेले उत्तर आणि मूळ ग्रंथ वाचून त्याच्याशी घातलेला वाद यांत मोठे अंतर असते, आणि परदेशी विद्यापीठे दुसऱ्या गोष्टीला गुण देतात.

याहून अधिक नुकसान करणारी समजूत अशी की, परदेशात जाऊन परदेशी समाजाचाच अभ्यास करावा लागतो आणि परतूर किंवा भोकरदनच्या अनुभवाला तेथे कोणी विचारत नाही. या समजुतीचे खंडन महाराष्ट्राच्याच इतिहासात मिळते. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात मुख्यतः अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, पण समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे विषयही त्यांनी अभ्यासले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी वाचलेला निबंध होता भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांविषयीचा. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध, ज्याला अंतर्विवाह म्हणतात, हेच जातिसंस्थेचे मर्म आहे, हा त्यातला युक्तिवाद पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला आणि आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही तो जगभरच्या वर्गांत वाचला जातो.

मालवणला १८९३ मध्ये जन्मलेल्या घुर्यांचा प्रवास तर आजच्या अर्जदारासाठी अधिकच बोधप्रद आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस यांच्या शिफारशीने घुर्ये लंडनला समाजशास्त्रज्ञ हॉबहाउस यांच्याकडे शिकायला गेले. तेथे विषय जुळेना, म्हणून ते केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्स यांच्याकडे गेले, आणि १९२२ मध्ये रिव्हर्स वारल्यावर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी जातीवरचे काम पुरे केले. संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचे काम आपल्या प्रश्नाशी जुळते की नाही, हे पाहणे किती महत्त्वाचे, हे यावरून कळते. १९२४ पासून मुंबईच्या विभागाची धुरा सांभाळणाऱ्या घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे पुढे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमतेचा संबंध वंशश्रेष्ठतेशी जोडणारे गृहीतक आपल्या मोजमापांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध प्रबंधात मांडला आणि तरीही १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर नातेसंबंधांवर त्यांनी जे पायाभूत लेखन केले, त्याची सामग्री भारतातील गावांमधून आणि मराठी घरांमधूनच आलेली होती.

जालन्याजवळ अशा सामग्रीचा तुटवडा नाही. संकरित बियाणे उद्योगाची येथे १९६० च्या दशकात महिकोच्या रूपाने पायाभरणी झाली आणि त्याचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे कंपनी, शेतकरी आणि परागीकरणाचे हाताने करावे लागणारे नाजूक काम करणाऱ्या मजूर स्त्रिया यांच्यातील कराराचे संबंध हा श्रमाच्या समाजशास्त्राचा उत्तम विषय आहे. औद्योगिक वसाहतीतील सळई कारखान्यांच्या भट्ट्यांवर उत्तर भारतातून आलेला मजूर राबतो, तर त्याच जिल्ह्यातला मजूर उसाच्या फडावर जातो, या उलटसुलट स्थलांतराचे कोडे उलगडण्यासारखे आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे अंतरवाली सराटीच्या २०२३ मधील मराठा आरक्षण आंदोलनानंतर निजामकालीन महसुली व शालेय दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जात सरकारी कागदावर कशी उतरते, कोण लिहितो आणि त्या नोंदीला पुढे कोणते वजन येते, हा समाजशास्त्राचा जुना सैद्धांतिक प्रश्न थेट अंबड तालुक्यात येऊन उभा राहिला. असे दप्तर उर्दू आणि मोडीत असते. त्यातली एखादी लिपी वाचता येणारा जालन्याचा विद्यार्थी परदेशातल्या कोणत्याही संशोधन विभागासाठी मोलाचा ठरतो.

येथून भाषेचा गैरसमज ओघाने येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्याचा परदेशी विद्यापीठात निभाव लागत नाही, ही समजूत निम्मी खरी आहे, आणि खरी आहे ती वेगळ्याच कारणाने. आयईएल्‌टीएस ही श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशा चार भागांची इंग्रजीची परीक्षा असून तिचे गुण शून्य ते नऊ या पट्टीवर दिले जातात आणि निकाल दोन वर्षे ग्राह्य धरला जातो. समाजशास्त्रासारख्या लेखनप्रधान विषयाला नामवंत ब्रिटिश विद्यापीठे साधारणपणे सात किंवा त्याहून अधिक गुण मागतात. सरावाने हे गुण मिळवता येतात. खरी अडचण तेथे पोहोचल्यावर जाणवते, कारण आठवड्याला दोन-तीनशे पाने वाचून त्यावर वर्गात स्वतःचे मत मांडणे, लेखकाच्या म्हणण्यातली फट दाखवणे आणि दुसऱ्याचे वाक्य उद्धृत करताना त्याचा स्रोत न चुकता नोंदवणे, या गोष्टींची सवय आपल्याकडच्या प्रश्नोत्तरी अभ्यासपद्धतीने लागत नाही. स्रोत न देता केलेली उचलेगिरी तेथे शैक्षणिक गुन्हा मानली जाते. तेव्हा उच्चार सुधारण्याच्या शिकवणीवर खर्च होणारा पैसा आणि वेळ एखादा मूळ ग्रंथ सावकाश वाचून त्यावर चार पाने लिहिण्यात घालवला, तर त्याचा उपयोग अधिक होतो.

पैशाच्या बाबतीत दोन परस्परविरोधी गैरसमज एकाच गावात नांदतात: परदेशी शिक्षण हे फक्त धनिकांचे, आणि जर्मनीत सगळे फुकट. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही हे खरे, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून प्रत्येक सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी वर्षभराचा निर्वाहखर्च गोठवलेल्या बँक खात्यात आधीच दाखवावा लागतो, १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय अर्जदारांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र अनिवार्य झाले आहे, आणि समाजशास्त्राचे बरेचसे पदव्युत्तर शिक्षण जर्मन भाषेत चालते. अमेरिकेत उलट चित्र दिसते. तेथील पदव्युत्तर पदवी महाग असली, तरी संशोधन विद्यापीठांतील पीएचडीला निवडलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क सहसा माफ होते आणि अध्यापन-साहाय्याच्या बदल्यात त्याला विद्यावेतन मिळते. स्वस्त वाटणारा मार्ग महाग आणि महाग वाटणारा मार्ग विनाशुल्क ठरू शकतो, हे समजून घेणारा पालक विरळाच.

शासकीय शिष्यवृत्त्यांमध्ये अनुसूचित जातींसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सर्वाधिक परिचित आहे. इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांसाठी वेगळी योजना आहे, आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची योजना आहे, जिला सयाजीराव गायकवाडांचेच नाव दिलेले आहे. या योजनांत विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतील स्थान पाहिले जाते, आणि येथे एक बारीक पण महागात पडणारी चूक होते: पाहिली जाते ती संपूर्ण विद्यापीठाची क्रमवारी, विषयाची नव्हे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठ विकास अभ्यासात अलीकडची अनेक वर्षे जगात पहिल्या क्रमांकावर राहिले, तरी सर्वसाधारण क्रमवारीत ते पहिल्या दोनशेच्या बाहेर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. आंबेडकरांनी १९१६ मध्ये वाचलेल्या निबंधाचा विषय घेऊन आज एखादा विद्यार्थी त्या योजनेसाठी अर्ज करू लागला, तर त्याला दुसरे दार शोधावे लागेल. सूचना दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षाची मूळ जाहिरात वाचणे अपरिहार्य ठरते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या जुन्या यादीवर विसंबणे धोक्याचे.

कागदपत्रांबाबतची समजूत अशी की, हे काम एजंटाने करायचे असते. वास्तविक अर्जाचे तीन कणे विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक यांनीच घडवायचे असतात: उद्देशपत्र, म्हणजे आपल्याला कोणता प्रश्न अभ्यासायचा आहे आणि तो याच विभागात का, याचे निवेदन, लेखनाचा नमुना, आणि शिफारसपत्रे. ‘विद्यार्थी मेहनती व सुस्वभावी आहे’ एवढेच सांगणारे पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही. त्याने मंठा तालुक्यातील एका गावाचे सर्वेक्षण केले आणि त्यात स्त्रियांच्या उत्तरांची वेगळी नोंद ठेवली, असे एक वाक्य मात्र बोलते. पत्र कागदाच्या पाकिटातून न जाता प्राध्यापकाच्या संस्थात्मक ईमेलवर आलेल्या दुव्यावरून चढवायचे असते, आणि तो ईमेल महिनाभर उघडलाच गेला नाही म्हणून अर्ज अपुरा राहतो, हे वरचेवर घडते. नावाचा घोळ ही आणखी एक अडचण. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, आणि खाली आईचे नाव अशी रीत आहे, तर पारपत्रावर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात. त्यांत कोठे ‘राव’ जोडलेला, कोठे गाळलेला असला की परदेशी कार्यालयाला ती दोन माणसे वाटतात. ही दुरुस्ती, तसेच छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून अधिकृत गुणउतारा मिळवणे, ही कामे अर्जाच्या मुदतीच्या निदान सहा महिने आधी हाती घ्यावीत. अमेरिकेतील पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, म्हणजे तयारी उन्हाळ्यातच लागते.

उरतो तो पदवीनंतरच्या नोकरीचा प्रश्न. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर राहण्याची मुभा सध्या दोन वर्षांची असून १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर पदवीधारकांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ सर्वसाधारण समाजशास्त्राच्या पदवीला मिळत नाही, तिला प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्याची परवानगी १२ महिन्यांचीच असते. परतून येथे प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांमध्ये ‘परदेशी पदवी म्हणजे थेट नेमणूक’ आणि ‘एका वर्षाची ब्रिटिश पदवी येथे चालतच नाही’ या दोन्ही टोकाच्या समजुती आढळतात. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, आणि एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे विनियम अधिसूचित केले, त्यामुळे दुसरी समजूत कालबाह्य झाली आहे. पहिलीचे उत्तर आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत आहे: क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय या क्रमवारींपैकी एकीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल, तर साहाय्यक प्राध्यापकपदासाठी नेट परीक्षेची अट लागू होत नाही; केवळ एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्याला मात्र जालन्याच्या महाविद्यालयात अर्ज करण्यापूर्वी नेट किंवा सेट उत्तीर्ण व्हावेच लागते.