कच्छच्या रणात पायी जायचे तर

भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. आपल्या देशात या पक्ष्यांची सर्वात मोठी वीण होते ती कच्छच्या मोठ्या रणात. त्या रणाचा सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर भाग १९८६ पासून अभयारण्य आहे आणि त्याच्या उत्तरेला पाकिस्तानची सीमा. भोसरी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांतील ज्या तरुणांनी मावळातले किल्ले पालथे घातले आहेत, त्यांना हे रण खुणावत असेल तर जरूर जावे. मात्र किल्ल्यावर जातो तसे, शनिवारी ठरवून रविवारी निघालो, असे येथे चालत नाही.

पहिला प्रश्न रजेचा. रणात चालण्याचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ६ डिसेंबरला आपण दादरला असतो, १ जानेवारीला भीमा कोरेगावला. तेव्हा जानेवारीचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा आरंभ उरतो. पुण्याहून भुजची थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे. तिच्यावर विसंबून राहिले तर फुकट दिवस मोडतात. मुंबईहून रोज गाड्या आहेत. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बांधवाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली हजेरी, हे ठरवताना कायम नोकरीवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

मुक्कामाला खडीर बेटावरचे धोळावीरा उत्तम. भुजहून भचाऊ-रापरमार्गे ते सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे. खावड्याहून रणातून नवा रस्ता झाल्याने आता अंतर बरेच कमी झाले आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी येथे मोठे नगर होते. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी अडवून, दगडी तलावांत साठवून ते नगर शेकडो वर्षे जगले. २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. मुलेबाळे बरोबर असतील तर त्यांना हे तलाव आणि संग्रहालय दाखवावे. रणातली चाल मोठ्यांपुरती ठेवावी.

आता पाणी. हिवाळ्यातही चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर पाणी धरावे. बारा जणांचे अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो, तेही एका दिवसाचे. दोन दिवसांचे पाणी आणि शिधा पाठीवर वाहून होत नाही. तेव्हा जीप किंवा उंट ठरवावाच लागतो, आणि वर्गणी काढताना हा खर्च आधी धरावा. रणात विहीर नाही, झाड नाही. लांबून पाणी चमकताना दिसते, ते मृगजळ असते.

परवानगीत हयगय नको. अभयारण्यात पायी फिरायचे तर वनखात्याकडे आधी अर्ज करावा. खावड्याच्या पुढे इंडिया ब्रिजपलीकडे सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीवाचून जाता येत नाही, पुलाचा फोटोही काढू नये. सर्वांचे मूळ ओळखपत्र जवळ हवे. कंपनीचा गेटपास तेथे चालत नाही! गुजरातेत दारूबंदी आहे, याची अडचण आपल्या मंडळींना वाटू नये.

स्थानिक वाटाड्याशिवाय एक पाऊलही टाकू नये. वरून मिठाचा पांढरा कडक थर दिसतो, खाली चिखल असतो. माणूस गुडघ्याएवढा रुततो. पहाटे धुके पडले की दिशा कळत नाही, आणि सीमेच्या मुलखात वाट चुकणे म्हणजे नुसते उशिरा पोहोचणे नव्हे. मोबाईलच्या भरवशावर राहू नये. पक्ष्यांच्या विणीच्या जागेकडे तर वाटाड्या नेतो म्हणाला तरी जाऊ नये. माणसांची चाहूल लागली तर पक्षी अंडी टाकून उठतात.

भगिनीही जाणार असतील तर सपाट रणात आडोसा नसतो, हे आधीच बोलून घ्यावे आणि चार काठ्या व जाड कापडाची कनात सामानात घ्यावी. संकोचापायी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि तेथेच आजारी पडतात.

सरावाला देहूरोडजवळचा घोरावडेश्वर आहेच; पाठीवर पाच लिटरचा कॅन घेऊन लेण्यांपर्यंत चढावे. पण सपाटीवर उन्हात चालणे निराळे. त्यासाठी एक रविवार बारामती तालुक्यातील सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात घालवावा. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे माळरान आहे. चिंकारा दिसतील, आणि आपल्या मंडळातले कोण दुपारी बारानंतरही चालू शकते, तेही दिसेल.