वस्तूविना कला : हात कोणाचा, नाव कोणाचे?

कलाकृती म्हणजे चौकटीतले चित्र किंवा चौथऱ्यावरचा पुतळा, हा समज पाश्चात्त्य कलावंतांनीच साठच्या दशकात मोडीत काढला. अमेरिकन समीक्षक लूसी लिपर्ड व जॉन चँडलर यांनी १९६८ साली या प्रवृत्तीला कलेचे ‘वस्तुरहित होणे’ अशा अर्थाचे नाव दिले. कल्पना, सूचना, कृती, कलावंताचे शरीर हीच कला. मागे वस्तू उरलीच पाहिजे असे नाही. वस्तूच नसेल तर बाजार विकणार काय, ही त्यामागची आशा.

चाकणच्या कारखान्यात पाळी करून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे समजावणे अवघड नाही. सॉल लेविट भिंतचित्रासाठी लेखी सूचना व आराखडा देई. रेषा बहुधा इतरच ओढीत. प्रदर्शन संपले की भिंत रंगवून टाकायची. ऑफिसातून ड्रॉइंग येते आणि मशीनवरचा कामगार जॉब काढतो, तसेच हे. लेविटच्या नोंदींत रेषा ओढणाऱ्यांची नावे येतात, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. गाडीच्या कोणत्या पार्टवर कंत्राटी कामगाराचे नाव असते? तरी चित्र लेविटचेच, आणि विकत घेणाऱ्याच्या हाती पडते ते प्रमाणपत्र. बाजार वस्तूवाचून अडला नाही. त्याने कागद विकला, छायाचित्र विकले.

मिअर्ल युकेलीस या कलावतीने १९७३ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या संग्रहालयाच्या पायऱ्या व फरशी घासून काढली, आणि ते घासणे हीच कला असे म्हटले. पुढे १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी तिने हस्तांदोलन केले, प्रत्येकाचे आभार मानले. या कामाच्या शीर्षकातच ‘स्पर्श’ आहे. तिची सहानुभूती खरी होती. परंतु ज्या देशात स्पर्शावरच समाजाची रचना उभी राहिली, तेथे या हस्तांदोलनाचा अर्थ केवळ आभारापुरता राहत नाही. शिवाय युकेलीसने झाडू स्वतः निवडला. आमच्या आयाबहिणींच्या हाती तो जातीने दिला. त्यांच्या झाडण्याला कोणी कला म्हटले नाही, आणि म्हटले असते तरी मजुरी वाढली नसती!

वस्तू मागे न ठेवणारी कला आपल्याला नवी नाही. आंबेडकरी जलसा वस्तीतल्या मोकळ्या जागेत उभा राही. माणसे गोळा होत, गाणे होई, सवाल-जवाब होत, पहाटे सारे विरून जाई. फरक इतकाच की पाश्चात्त्य कलावंताने वस्तू नाकारली. जलसाकाराजवळ ती जपण्याचे साधनच नव्हते. भीमराव कर्डक यांनी १९७८ साली जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून काही तरी हाती लागले. आवाज आणि हावभाव गेले ते गेलेच.

मुंबईचे अमोल पाटील यांचे काम म्हणून महत्त्वाचे वाटते. आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटककार. २०२२ साली जर्मनीतल्या कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात त्यांनी सफाई कामगारांचे जगणे कृती, ध्वनी आणि चित्रफितींतून मांडले. घरातली विरून जाणारी कला नातवाने अशी नोंदीत आणली. जलशात मागे उभे राहून ढोलकी वाजवणाऱ्यांची नावे मात्र पिंपरी-दापोडीच्या वस्त्यांतील म्हाताऱ्या माणसांनाच विचारावी लागतात, आणि अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत.