नाळ कापण्याआधीचे एक मिनिट

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मुलीला तिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. म्हणजे तब्बल दहा आठवडे आधी. आत जाण्यापूर्वी डॉक्टरीणबाई व्हरांड्यात आमच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "काका, बाळाची नाळ आम्ही लगेच कापणार नाही. मिनिटभर थांबू. आतून निरोप यायला उशीर झाला तर घाबरू नका."

हिने माझा हात घट्ट धरला. दोघांच्याही मनात १९८७ साल उभे राहिले होते.

तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीला होतो. आमचा पहिला मुलगा आठव्या महिन्यातच जन्मला. जन्मताक्षणी नाळ कापून त्याला बाजूच्या टेबलावर नेले गेले. त्या काळी सगळीकडे पद्धतच तशी होती. तीन दिवसांनी तो गेला. "सातव्या महिन्यात एसटीचे धक्के खाल्ले, दुसरं काय होणार?" असे माझी आई हिला म्हणाली. मी तिथेच होतो, आणि गप्प राहिलो.

मुलीच्या निमित्ताने मी हा विषय समजून घेतला. पोटात असताना बाळाचे रक्त दोन ठिकाणी असते, काही अंगात आणि काही वारेत. पूर्ण दिवसांच्या बाळाचे सुमारे एक तृतीयांश रक्त वारेत असते. तिसाव्या आठवड्याच्या आसपास हा वाटा निम्म्याच्या जवळ जातो. जन्मानंतर ते नाळेतून बाळाकडे येत राहते. माझ्या भाषेत सांगायचे तर निम्मी शिल्लक दुसऱ्या शाखेत आहे, पैसे वर्ग होत आहेत आणि आपण खातेच बंद करून टाकतो! किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात शंभर मिलिलिटरच्या आतबाहेर रक्त असते, कपभर चहाएवढे. त्यात पंधरा-वीस मिलिलिटरची भर म्हणजे थोडीथोडकी नव्हे. शिवाय पहिला श्वास घेताना फुप्फुसे उघडतात आणि त्यांना एकदम जास्त रक्त लागते. नेमक्या त्याच वेळी नाळ तोडली, तर हृदयाकडे येणारे रक्त अचानक कमी होते.

ही गोष्ट नवी नाही. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे वैद्य होते. नाळ फार लवकर बांधणे बाळाला घातक आहे, असे त्यांनी १८०१ सालीच लिहून ठेवले होते. पुढे विसाव्या शतकात बाळंतिणीचा रक्तस्राव रोखण्याच्या उपायांत लवकर नाळ कापणेही येऊन बसले. खरे काम इंजेक्शन करते, घाईने नाळ कापून आईचा काही फायदा होत नाही, हे नंतर कळले. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस केली. आपल्याकडे २०१८ च्या 'अॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमातही नाळ उशिरा बांधण्याचा समावेश झाला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर बरेच प्रयोग झाले. २०१७ मध्ये दीड हजारांहून अधिक बाळांच्या एका मोठ्या चाचणीत मृत्यू आणि मोठे आजार यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा ठळक फरक दिसला नाही. मात्र २०२३ मध्ये अनेक चाचण्यांतील तीन हजारांवर बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात, थांबून नाळ कापलेल्या बाळांमध्ये रुग्णालयातून घरी जाण्यापूर्वीच्या मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली.

म्हणून प्रत्येक वेळी थांबावेच असे मात्र नाही. वार आधीच सुटली असेल, नाळ फाटली असेल, आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, तर घाई करावीच लागते. थांबतानाही बाळाला ऊब द्यावी लागते. नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याचा मार्गही काहींनी अवलंबला. पण अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या बाळांमध्ये मेंदूत रक्तस्राव वाढल्याचे दिसल्यामुळे तशी एक चाचणी मध्येच थांबवावी लागली; तिचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

माझी आजी सांगायची, आमच्या गावची सुईण वार पडेपर्यंत नाळेला हात लावत नसे. आम्ही शिकलेले लोक तिला हसायचो. अर्थात तिच्या गंजक्या विळ्याने धनुर्वात होऊन किती पोरे गेली, तेही विसरता येत नाही. नवजात बाळांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे आपल्या देशात २०१५ साली जाहीर झाले. सुईणीचा धीर आणि रुग्णालयाची स्वच्छता एकत्र यायला एवढी वर्षे लागली.

आमची नात जन्मली तेव्हा १३१० ग्रॅमची होती. सहा आठवडे काचेच्या पेटीत राहून घरी आली. निरोप घेताना हिने डॉक्टरीणबाईंना विचारलेच, "तेव्हा थांबले असते, तर आमचा मुलगा...?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही, काकू. तेव्हा बाकीच्या सोयी तरी कुठे होत्या? पण त्या एसटीच्या प्रवासाचा दोष स्वतःकडे घेऊ नका."

घरात कुणाला दिवस गेले असतील, तर एवढे करा. तारखेच्या बरेच आधी डॉक्टरांना विचारून ठेवा, "नाळ किती वेळाने कापणार?" ऐनवेळी कुणाला सुचत नाही.

त्या दिवशी घरी परतताना रिक्षात मी हिला म्हणालो, "चूक तुझी नव्हती. तेव्हाच आईसमोर बोलायला हवं होतं मी." ही काही बोलली नाही. नातीचे दुपटे तेवढे नीट केले.