कासवाचं पिल्लू नर की मादी? ठरवतं वाळूचं तापमान!

माणसाचं बाळ मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो तेव्हाच ठरतं. समुद्री कासवांत एक्स-वाय गुणसूत्रांची ही भानगडच नाही. तिथे निर्णय घेतं घरट्याचं तापमान. कोडच्या भाषेत बोलायचं तर साधं 'इफ-एल्स'!

हे कसं होतं?

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारण दीड फूट खोल खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पुढे ४५ ते ६० दिवस अंडी उबवते ती वाळूच. या काळाच्या मधल्या टप्प्यात वाळू साधारण २९-३० अंशांपेक्षा थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. पारा ३५ च्या पुढे बराच वेळ राहिला, तर अंडीच दगावतात. म्हणजे हवामान तापत गेलं तर आधी नर कमी होणार आणि मग पिल्लंच.

ओलावाही महत्त्वाचा. अमेरिकेतल्या स्नॅपिंग टर्टलच्या अंड्यांवर झालेल्या प्रयोगांत, ओलसर मातीतली पिल्लं कोरड्या मातीतल्यांपेक्षा मोठी निघाली.

मग उपाय काय?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावात सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने २००२ पासून हे काम उभं केलं. कोल्हे-कुत्र्यांपासून आणि चोरांपासून वाचवायला अंडी कुंपणातल्या तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात. तेही लवकर आणि न फिरवता, कारण काही तासांतच गर्भ कवचाला आतून चिकटतो. नंतर अंडं उलटंपालटं झालं की खेळ खल्लास. घरट्यातलं तापमान मोजायला बटणाएवढा डेटा लॉगर पुरतो. वाळू फार तापली तर वर सावलीची जाळी बांधता येते.

यात आपण कुठे आलो?

मार्च २०१८ मध्ये वर्सोव्यात, म्हणजे बोरीवलीपासून लोकलने काही स्टेशनांवर, याच कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. स्वच्छता मोहिमेनंतरची ही गोष्ट. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. अंधारात तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा असतो. तुम्ही फोनचा टॉर्च लावलात की त्यांचा जीपीएसच बिघडतो.

म्हणून गोराई असो वा वेळास, पिल्लं दिसली तर फ्लॅश बंद, हात लांब, वाट मोकळी. आणि लगेच वनविभागाला फोन!