किराया, भाडे आणि अनुज्ञप्ती

वर्धा शहरात घर ‘भाड्याने’ देण्यापेक्षा ‘किरायाने’ देण्याची बोली अधिक रूढ आहे. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ यापासून प्राकृतद्वारा मराठीत आला. ‘किराया’ मूळचा अरबी, तो फारसी-हिंदीच्या वाटेने विदर्भात स्थिरावला. दोहोंचा अर्थ एकच: दुसऱ्याची वस्तू वापरल्याबद्दल द्यावयाचा मोबदला. परंतु बोली ज्या व्यवहाराला एकाच नावाने ओळखते, त्यात कायदा दोन भिन्न संबंध पाहतो. बचतीतून दोन खोल्या बांधून त्यांच्या उत्पन्नावर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबाच्या अनेक अडचणींचे मूळ या भेदाच्या अज्ञानात सापडते.

सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये आणि 1997 साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय यांमुळे वर्ध्यात परगावच्या विद्यार्थ्यांना खोल्या लागतात. खोली देणाऱ्यापुढे प्रश्न तीन: किराया किती वाढविता येईल? मुदत संपल्यावर जागा परत मिळेल काय? लेखी करार आवश्यक आहे काय?

यांपैकी दुसऱ्या प्रश्नामागील धास्तीला इतिहास आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडाच्या 1949 च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार भाडेकरूस जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वीच घरमालकाला भाडे नियंत्रकाची अनुमती घ्यावी लागे. राज्य पुनर्रचनेनंतरही विदर्भात हाच आदेश चालू राहिला. 31 मार्च 2000 पासून त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 याने घेतली.

हा अधिनियम लागू असलेल्या क्षेत्रात वरील भेदाचे परिणाम स्पष्ट दिसतात. भाडेपट्ट्याने जागेच्या उपभोगाचा हक्कच भाडेकरूकडे जातो. तो प्रमाण भाडे व मान्य वाढ देत असेल आणि अटी पाळीत असेल, तोवर केवळ मुदत संपली म्हणून त्यास काढता येत नाही. मालकाची प्रामाणिक गरज यासारखे कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. भाड्याची वार्षिक वाढ 4 टक्के मान्य आहे. शिवाय पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सोयी उचित कारणावाचून तोडण्यास मालकाला मनाई आहे.

अनुज्ञप्ती, म्हणजे व्यवहारातील ‘लीव्ह अँड लायसन्स’, ही केवळ वापराची परवानगी होय. तिच्यात शुल्क व वाढ करारावर अवलंबून असते. निवासासाठी दिलेल्या अनुज्ञप्तीची मुदत संपूनही जागा न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते.

मग कागदावर ‘अनुज्ञप्ती’ असे लिहिले की भागले काय? सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या खटल्यात दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याच्या आशयाला महत्त्व दिले. 1999 च्या अधिनियमाने मात्र लेखी अनुज्ञप्ती करारास त्यातील तथ्यांबाबत निर्णायक पुराव्याचे स्थान दिले आहे. म्हणजे शब्दाला बळ आले; परंतु ते लेखी शब्दाला.

येथेच ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज घातक ठरतो. त्याचा उगम 1908 च्या नोंदणी अधिनियमात आहे. त्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी आवश्यक असते. 1999 च्या अधिनियमाचे कलम 55 मुदतीचा असा भेद करीत नाही. करार लेखी व नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, असे ते सांगते. तसा करार नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

सारांश, ‘किराया’ हा शब्द दारात सौदा जुळविण्यास पुरेसा असला, तरी हक्क ठरविण्यास अपुरा आहे. कोणता संबंध निर्माण होत आहे, हे सही करण्यापूर्वी दोन्ही पक्षांना त्यांना समजणाऱ्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. अन्यथा एकाची बचत आणि दुसऱ्याचा निवारा एका शब्दाच्या संदिग्धतेवर टांगलेला राहतो.